स्तामेनच्या पानावरचं बटण

१

वेलिना द्रागनेवा काय काम करते, हे लोकांना सांगून पटत नसे. ती बटणं करायची. शर्टाची नव्हेत, वेबसाइटच्या पानावरची. ‘पुढे’, ‘पाठवा’, ‘मान्य’ अशी. तिची आई होती तेव्हा शेजारणींना सांगायची, माझी लेक दिवसभर कॉम्प्युटरवर चौकोन रंगवते, आणि बसून बसून पाठ दुखते म्हणते.

आईचं फारसं चुकत नव्हतं. पण चौकोन रंगवणं हा त्यातला सोपा भाग. बटणाला तीन रूपं लागतात. एक, जवळपास कुणी नसतानाचं. दुसरं, माऊसचा बाण त्यावर येऊन रेंगाळतो तेव्हाचं. आणि तिसरं, बोट त्याच्यावर दाबलेलं असतं तेवढ्यापुरतं. हे तिसरं रूप पापणी लवेपर्यंतही टिकत नाही, म्हणून बहुतेक जण ते करायच्या भानगडीत पडत नाहीत. वेलिना मात्र त्याच्यावरच दिवस घालवायची. बटण केसभर खाली बसलं पाहिजे, त्याची सावली आत ओढली गेली पाहिजे, रंग किंचित गडद व्हायला हवा. मग दाबणाऱ्याला वाटतं, आपलं बोट कुठेतरी पोचलं. बोट उचललं की सगळं होतं तसं. माणूस हे बघतही नाही, पण नसलं तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्या हिवाळ्यात तिला त्सांकोकाकांनी बोलावून घेतलं. रुसे शहरात त्सांकोकाकांना न ओळखणारा माणूस विरळा, कारण घरात कुणी ना कुणी कधीतरी जातंच. जुन्या दफनभूमीच्या रस्त्यावर त्यांचा छापखाना होता आणि चाळीस वर्षं ते एकच गोष्ट छापत आले होते, मृत्यूची पत्रकं. माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि खाली दोन ओळी. ते पत्रक घराच्या दारावर, विजेच्या खांबावर, तो जिथून बस पकडायचा त्या थांब्यावर डकवायचं. चाळिसाव्या दिवशी नवं, सहा महिन्यांनी नवं, वर्षानं पुन्हा नवं. द्रुझ्बा वस्तीत अशी दारं होती की ज्यांच्यावर एकाच म्हाताऱ्याची सात-आठ पत्रकं एकावर एक सोलवटत असायची.

पण आता निम्मं शहर स्पेनला नाहीतर जर्मनीला गेलेलं. तिकडची मुलं फोन करून विचारायची, आम्ही कुठल्या खांबावर डकवू? म्हणून वेबसाइट. मेलेल्या प्रत्येकाला एक पान, आणि पानाच्या तळाशी एकच बटण, ‘मेणबत्ती लावा’.

बटण कसं हवं, असं वेलिनानं विचारलं तेव्हा त्सांकोकाकांनी शाईनं काळी झालेली बोटं तिच्यापुढे धरली. “मला काय विचारतेस पोरी. ह्या बोटांना छपाईचे खिळे कळतात. एवढं बघ, की दाबताना माणसाला लाज वाटू नये. बूट मागवल्यासारखं नको वाटायला.”

वेलिनानं मेणाचा पिवळट रंग घेतला. दाबलं की तो मधासारखा गडद होई आणि बटण मऊ जमिनीत पाऊल रुतावं तसं अलगद खाली बसे. तेवढ्यासाठी तिनं अकरा दिवस घेतले. काका रोज येऊन बघायचे आणि रोज म्हणायचे, अगं, माणसं मरायची थांबणार नाहीत, जरा लवकर कर.

२

छापखान्याच्या मागे एक खोली होती. एक खिडकी अंगणाकडे, एक लोखंडी शेगडी, भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर चाळीस वर्षांच्या पत्रकांचे बांधलेले गठ्ठे. भिंतीपलीकडे छपाईचं यंत्र चाललं की शेगडीवरची किटली बारीक किणकिणायची. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वेलिना तिथे बसून काम तपासत होती. येत्या आठवड्याची पत्रकं काकांनी वेबसाइटवर चढवून ठेवली होती आणि तिनं बारा पानं एकाच पडद्यावर, चार-चारच्या तीन ओळींत मांडली होती. फोटो नखाएवढे दिसत होते. तिला फोटो बघायचे नव्हतेच, बटणं बघायची होती.

मंगळवारी अकराच्या सुमारास तिनं कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला होता. बाहेर ऊन होतं आणि अंगणात कुणीतरी मांजराला हाकलत होतं. दुसऱ्या ओळीतलं तिसरं बटण खाली गेलं.

गेलं आणि वर आलं. मग पुन्हा.

तिला भीती वाटली नाही, वैताग आला. असं होतं. कधी माऊस अडकतो, कधी पडद्याच्या काचेवर ओलावा असतो आणि तिला वाटतं बोट आहे. तिनं कप ठेवला, काच बाहीनं पुसली. माऊस उलटा करून फुंकर मारली. बटण खालीच होतं. मधाच्या रंगाचं, आत बसलेलं, अकरा दिवस खपून केलेलं तिचं तिसरं रूप. एरवी निमिषभर दिसणारं ते आता निवांत बघता येत होतं. चांगलं जमलंय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

मग ते वर आलं.

तिनं ते पान मोठं केलं. वर लिहिलं होतं, ‘एक वर्ष तुझ्याविना’. त्याखाली काळ्या चौकटीत तिचा भाऊ होता. स्तामेन द्रागनेव, वय बावन्न. फोटो बोटीवरचा, मागे डॅन्यूबचं पाणी, अंगात तो हिरवा स्वेटर.

त्याचं वर्षाचं पत्रक ह्याच आठवड्यात येणार, हे तिला ठाऊक होतं. वहिनीनं ते काकांकडेच दिलं असणार, हेही. म्हणून तर ती फोटो मोठे न करता काम करत होती.

३

एखाद्या गोष्टीची भीती वाटू लागली की वेलिना तिची यादी करायची, आणि एकेक शक्यता खोडायची.

माऊस तिनं काढूनच टाकला. बटण खाली गेलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. गेलं. मग काकांचा जुना टॅबलेट आणला, ते एकच पान त्यावर उघडलं आणि टॅबलेट टेबलावर उताणा ठेवून स्वतः हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली. यंत्र थांबलं होतं. काका जेवायला गेले होते. शेगडीत लाकूड तडकलं तेवढाच आवाज. टॅबलेटवरचं बटण खाली गेलं.

कुणीतरी दूर माद्रिदला बसून स्तामेनसाठी मेणबत्ती लावत असेल, असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं. पण वेलिनाचा धंदाच तो. माद्रिदचा माणूस बटण दाबतो तेव्हा ते त्याच्या काचेवर दबतं. इथल्या काचेवर इथलं बोट लागतं. दाबलेलं रूप कुठून कुठे जात नाही. ते बोटाखाली जन्मतं आणि तिथेच संपतं. आणि वेबसाइट अजून बाहेरच्या कुणाला उघडतही नव्हती.

शेवटी तिनं नियमच पुसला. दाबल्यावर रंग गडद कर, सावली आत ओढ, केसभर खाली जा, असं सांगणाऱ्या चार ओळी होत्या. त्या तिनं काढून टाकल्या आणि बाकीच्या अकरा पानांवर बोट दाबून पाहिलं. बटणं मेल्यासारखी सपाट पडून राहिली. हालचाल नाही, रंग नाही. मग ती स्तामेनच्या पानाकडे बघत बसली.

बटण खाली गेलं. वर आलं. खाली, वर. खाली, वर. तीनदा थोडं थोडं, आणि चौथ्यांदा जे गेलं ते तसंच राहिलं.

खुर्ची मागे सरकवून ती उठली ती तेव्हा. बटण हलतं म्हणून नव्हे. तीन आखूड आणि एक लांब, हे तिला ओळखीचं होतं.

पुढच्या वेळी तिनं त्या लांब दाबाला घड्याळ लावलं. मोजलेल्या गोष्टीला माणूस कमी भितो असं ती मानत आली होती. एक्केचाळीस सेकंद. त्याच्या पुढच्या वेळीही एक्केचाळीस.

काका जेवून परतले आणि दारातूनच तिचा चेहरा बघून थबकले. भावाचा फोटो पडद्यावर होता. त्यांना वाटायचं ते वाटलं. त्यांनी किटली शेगडीवर ठेवली. मग एवढंच म्हणाले, की स्तामेनचा फोटो त्याच्या बायकोनं, गिन्कानं, स्वतः निवडला, तीन वेळा बदलून, आणि असा माणूस पत्रकावर क्वचित येतो, ज्याला पाहून छापणाऱ्यालाही हसू येतं.

४

मागच्या वर्षी मार्चच्या पहिल्या तारखेला रविवार होता. त्या दिवशी सगळं गाव एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतं, वर्षभर तब्येत धड राहावी म्हणून, आणि पहिला करकोचा दिसेपर्यंत तो सोडत नाही.

वेलिना आणि स्तामेन चार महिने एकमेकांशी बोलले नव्हते. आई ऑक्टोबरात वेलिनाच्या घरी वारली. दीड महिना अंथरुणावर होती आणि शेवटी शेवटी स्तामेनचंच नाव घेत होती. स्तामेन नदीवरच्या मालबोटीवर इंजिनाचं बघायचा. बोट कुठेतरी वरच्या अंगाला अडकून पडली होती म्हणे. तो आला तो मातीनंतर तिसऱ्या दिवशी, आणि प्यायलेला आला. सगळ्या नातलगांसमोर वेलिना त्याला म्हणाली की तुझी वाट बघणारी गेली, आता ह्या घराची पायरी चढू नकोस. त्यानं टोपी उचलली आणि तो जिना उतरला. ती त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. लहानपणी बाप गेल्यावर हाताला धरून तिला शाळेत पोचवणारा तोच होता.

त्या रविवारी दुपारी दोनला तिच्या दाराची बेल वाजली. तीनदा थोडी थोडी. ती स्वयंपाकघरातून आली आणि दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाहेर दादा उभा होता, दाढी केलेला, हिरव्या स्वेटरमधला. भिंगातून त्याचं डोकं मोठं आणि पाय बारीक दिसत होते. त्यानं पुन्हा हात उचलला आणि अंगठा बेलवर ठेवला, आणि ह्या वेळी तो काढला नाही.

वेलिनाचा हात कडीवर होता. हे तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, की हात कडीवर होता. बेल वाजत होती. एवढी आठवण होती तर तेव्हा यायचं, असं तिच्या मनात आलं. वाजव, अजून वाजव, असंही आलं. बेल बंद झाली. आता तो ओरडेल, दारावर थाप मारेल, म्हणून ती थांबली. तो ओरडला नाही. लिफ्ट आली, तिचं दार लागलं, आणि ती खाली गेली.

तीनच्या सुमाराला तो तिच्या घराजवळच्या ट्रॉलीबसच्या थांब्यावर बाकावर बसलेला सापडला. बसल्या जागी गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारभर ठोके चुकत असणार, वाटेत त्यालाही कळलं असेल.

तो तुझ्याकडेच यायला निघाला होता गं, असं लोक वेलिनाला म्हणाले. पोचला नाही बिचारा. त्यावर तिनं मान हलवली. त्या पहिल्या दिवशी जी मान हलली, ती मग वर्षभर थांबवता आली नाही.

५

बुधवारी गिन्का छापखान्यात आली, कागदी पत्रकं न्यायला. स्मरणविधी शनिवारी होता. रस्त्यावर दोऱ्यांची दुकानं मांडली होती आणि तिच्या कोटावर कुणीतरी लावलेला लाल-पांढरा गोंडा तसाच होता. वेलिना मागच्या खोलीत आहे हे काकांनी सांगितलं, तशी ती आत आली आणि खुर्चीवर टेकली. गिन्का शाळेत स्वयंपाक करायची; थोराड अंगाची, कमी बोलणारी बाई. वर्षभरात तिचे केस पार पांढरे झाले होते.

तिनं पत्रकांचा गठ्ठा मांडीवर ठेवला आणि वरच्या पत्रकावरची नसलेली धूळ झटकली. कुठे कुठे डकवणार ते सांगू लागली. घराचं दार, बोटींचा धक्का, कोपऱ्यावरची बेकरी. आणि तो थांबा.

“त्या थांब्यावरच माझी गाडी अडते, वेली,” ती म्हणाली. “वर्ष झालं. तू हसशील मला.”

वेलिना म्हणाली, “नाही हसणार, वहिनी.”

“तो तुझ्याकडे यायला निघाला. मीच पाठवला. सकाळी मी स्वतः दोरा वळला, म्हटलं हा तिच्या हाताला बांध आणि मिटवा एकदाचं. आता तुझ्याकडे येणारी बस रस्त्याच्या अलीकडे थांबते. तो सापडला पलीकडच्या बाकावर. घरी परतायच्या बाजूला. मी इस्पितळातल्या लोकांना विचारलं, खिशात दोरा होता का? नव्हता. कोटात नाही, विजारीत नाही. मग कुणाच्या हाताला बांधला त्यानं? कुठे जाऊन आला?” ती थांबली. “मेलेल्या माणसाचा संशय घेते मी रोज. रोज संध्याकाळी भांडते त्याच्याशी. लाज वाटते, पण थांबत नाही ते.”

टेबलावर टॅबलेट उताणा होता आणि त्यावर स्तामेनचं पान उघडंच होतं. गिन्का बोलत होती ती त्याच्या पलीकडे बसून, पत्रकांकडे बघत. वेलिनाला काच दिसत होती. बटण तीनदा खाली-वर झालं, आणि मग गेलं.

ह्या वेळी ती अगदी जवळ होती, म्हणून तिला दिसलं. बटण सगळीकडून सारखं गडद झालं नव्हतं. तिच्या नियमात तसं असतं. सबंध चौकोन एका रंगाचा. इथे मात्र डावीकडचा एक भागच काळपट झाला होता, गोलसर, एका बाजूनं चपटा, जणू काचेच्या आतून कुणी मांस टेकवलं होतं आणि दाबामुळे ते पसरलं होतं. तरुणपणी इंजिनाच्या झाकणाखाली सापडून स्तामेनच्या अंगठ्याचा शेंडा चेपला होता. नख आलं ते आडवं आलं. वेलिनानं वाकून पाहिलं. चपट्या कडेजवळ एक फिकट आडवी रेघ होती.

तिनं टॅबलेट पालथा घातला. काय झालं म्हणून गिन्कानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ऊन डोळ्यावर येतंय. खिडकीत ऊन नव्हतं. गिन्कानं तिकडे एकदा पाहिलं, मग गठ्ठा उचलला आणि शनिवारी लवकर ये म्हणाली, घुगऱ्या वाटायला दोन हात कमी पडतात.

ती गेल्यावर वेलिनानं पालथ्या टॅबलेटवर हात ठेवला. तळव्याला खालून काहीच लागत नव्हतं. पण तिला वाटलं, आपण हात उचलला तर टॅबलेट थोडासा वर येईल. कितीतरी वेळ तिनं हात उचलला नाही.

६

शुक्रवारी दुपारी ती गिन्काकडे गेली. स्वयंपाकघरात टेबलभर स्वच्छ कापड पसरलं होतं आणि त्यावर उकडलेले गहू वाळत पडले होते. उद्या त्यात साखर आणि कुटलेले अक्रोड घालून कागदी पेल्यांतून वाटायचे. गिन्का उभ्यानं अक्रोड कुटत होती. भिंतीवर स्तामेनचं जुनं घड्याळ टकटकत होतं.

वेलिनानं कोट काढला नाही. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून दोरा, आणि तो गव्हाच्या कापडाच्या कडेला ठेवला. लाल-पांढरा, जाड पिळाचा, टोकाला दोन गोंडे.

गिन्काचा हात थांबला. आपला पीळ तिनं लांबूनच ओळखला.

“दाराच्या मुठीला बांधला होता त्यानं,” वेलिना म्हणाली. “मी तासाभरानं दार उघडलं तेव्हा दिसला. तो आला होता, वहिनी. मी घरात होते. मी भिंगातून बघितलं त्याला. त्यानं बेल वाजवली आणि मी दार उघडलं नाही.”

पुढचं तिनं सगळं सांगितलं, कडीवरच्या हातासकट. हात कडीवर होता हे सांगताना तिचं तिलाच ते क्षुल्लक वाटलं.  सांगून संपल्यावर गिन्कानं खुर्ची ओढली, बसली, आणि एकच गोष्ट विचारली.

“किती वेळ वाजवली?”

“आधी तीनदा थोडी. मग एकदाच, लांब. एक्केचाळीस सेकंद.”

हा आकडा तुला कसा माहीत, असं गिन्कानं विचारलं नाही. तिनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली. तो बारावर आला. मग ती बघत राहिली. वेलिनाही बघत राहिली. काटा तीनवर आला, चारवर आला. बाहेर शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला. काटा सहावर आला तेव्हा वेलिनाला ओरडावंसं वाटलं, की पुरे. तो सातवर आला, आठच्याही पुढे गेला.

“बराच वेळ आहे,” गिन्का म्हणाली.

तिनं दोरा उचलून हातात घेतला आणि मुठीत धरून ठेवला. ती रडली नाही. जणू स्वयंपाकघरात ती एकटीच असावी अशा आवाजात म्हणाली, की म्हणजे तो माझ्याकडेच येत होता. घरीच येत होता. मग तिनं वेलिनाला काय म्हणावं?  माफ केलं असंही नाही आणि चालती हो असंही नाही. फक्त विचारलं, काका म्हणत होते ते मेणबत्तीचं काय ते झालं का तयार? दाखव.

वेलिनाला ते पान तिथे उघडायचं नव्हतं. पण नाही म्हणायचा हक्क आता तिच्यापाशी उरला नव्हता. तिनं आपला फोन पुढे केला. पान उघडलं, हिरवा स्वेटर आला, खाली मेणाच्या रंगाचं बटण. नियमाच्या चार ओळी तिनं सकाळीच परत घातल्या होत्या. गिन्कानं अक्रोडानं तेलकट झालेलं बोट कपड्याला पुसलं आणि टेकवलं. बटण अलगद खाली बसलं, वर आलं, आणि फोटोजवळ एक बारीक ज्योत उभी राहिली. ती कितीतरी वेळ त्या ज्योतीकडे बघत होती.

“मऊ आहे,” ती म्हणाली. “छान केलंयस.” आणि फोन वेलिनाकडे सरकवला. “आता तू लाव.”

वेलिनानं अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. बटण गेलं नाही.

तिनं अंगठा काढून परत दाबला. रंग बदलला नाही, सावली हलली नाही. चार ओळी जागेवर होत्या, हे तिला ठाऊक होतं. आत्ताच गिन्काच्या बोटाखाली ते बसलं होतं. तिनं जोर केला. काचेवर जोर करून काही होत नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण तिच्या अंगठ्याला खालून काहीतरी लागत होतं. काच नव्हे. काच सपाट असते. हे अंगठ्याच्या मांसासारखं होतं, एका बाजूनं चपटं, आणि ते तिच्या अंगठ्याला तोलून धरत होतं, तितक्याच जोरानं, कमी नाही आणि जास्त नाही.

तिनं घाबरून वर पाहिलं. गिन्का तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, तिच्या अंगठ्याकडे बघत होती. तिला काय दिसलं ते वेलिनानं पुढेही कधी विचारलं नाही.

“काढू नकोस,” गिन्का हलक्या आवाजात म्हणाली. “बस खाली. दाबून धर.”

वेलिना खुर्चीवर बसली. गिन्का उठली आणि पुन्हा अक्रोड कुटू लागली. खलबत्त्याचा आवाज, घड्याळाचा आवाज. फोनचा पडदा आपोआप मालवायला हवा होता, तो मालवला नाही. वेलिनाचा अंगठा दुखू लागला, मग बधिर झाला, मग मनगट दुखू लागलं. एक्केचाळीस सेकंद केव्हाच होऊन गेले होते. गव्हाच्या कापडावरचं ऊन सरकत टेबलाच्या कडेला आलं आणि खाली उतरलं. पलीकडचा दाब तसाच होता. त्यात राग असेल म्हणून ती आधी वाट बघत होती. राग नव्हता. दार उघडायची वाट बघणाऱ्या माणसाचा हात असतो, तेवढंच त्यात होतं. “दादा,” ती म्हणाली. आणखी पुष्कळ काही म्हणायचं होतं, ते तोंडातून आलं नाही, नुसतंच पुन्हा “दादा” आलं.

केव्हातरी खालचा दाब सुटला.

हळूच सुटला, त्यानंच काढून घ्यावा तसा. तिचा अंगठा केसभर खाली गेला, बटण मधाच्या रंगाचं झालं आणि फोटोजवळ दुसरी ज्योत लागली.

“लागली?” गिन्कानं पाठमोरंच विचारलं.

 तिनं अंगठा उचलला. बटण वर आलं. तिनं परत दाबलं आणि ते लगेच खाली बसलं, कुठलंही बटण बसतं तसं. तिनं आणखी एकदा दाबलं, आणि आणखी एकदा. दर वेळी ते अलगद खाली गेलं, आणि त्याच्याखाली कुणी नव्हतं.